सतरा नंबरचा फराळ

सतरा नंबरचं वांगं उपाशी राहायला तयार नव्हतं, आणि त्याचं कारण रोज सकाळी साडेनऊला मला लिहून द्यावं लागत होतं.

कारण मागायचा तो संगणक. यावल रस्त्याला, केळीच्या बागांच्या मधोमध, आमचं सातपुडा भाजीपाला संशोधन केंद्र आहे. त्यात एक ग्रोथरूम. एका बाजूला काचेची भिंत, छताला दिवे, खाली धुतलेल्या वाळूने भरलेले चोवीस टब, आणि प्रत्येक टबात एक वांग्याचं झाड. झाडांवर कॅमेरे होते आणि कॅमेऱ्यांमागे ‘प्रहरी’ नावाची प्रणाली होती. पानांचा रंग मोजून कोण किती उपाशी आहे ते ती सांगायची. तेवीस झाडं वेळापत्रकाप्रमाणे उपाशी होती. सतरावं हिरवंगार.

‘क्रमांक १७ अपेक्षेप्रमाणे उपाशी नाही. कृपया कारण नोंदवा. किमान पंधरा शब्द.’

पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘माहीत नाही.’ प्रहरीने ते परत पाठवलं. तेरा शब्द कमी पडत होते. दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘माहीत नाही, कारण मला ते कुणी सांगितलेलं नाही आणि झाडाला विचारायची सोय या प्रणालीत उपलब्ध नाही.’ हे लगेच मंजूर झालं. पुढचे तीन आठवडे मी तेच पाठवत राहिलो. प्रहरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. सत्तावीस कोटी रंगछटा ओळखणारी प्रणाली होती ती.

साल २०४३. युरिया अंगठा लावून मिळायला लागून दोन वर्षं झाली होती, आणि मिळायचा तोही दृष्ट काढण्याइतका. त्यामुळे खताशिवाय फळ देणारं झाड जो बनवेल त्याच्या दारात रांग लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या डॉ. केतकी फिरके मॅडमना ते एकोणीस वर्षं आधीच माहीत होतं. त्यांनी बनवलेल्या वाणाचं नाव ‘निग्रह’. ते नाव त्यांनी स्वतःवरून ठेवलं असावं असा माझा अंदाज होता; विचारायची हिंमत मात्र नव्हती.

झाडाला नत्र मिळेनासं झालं की ते काय करतं, हे मी केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतही सांगू शकतो. पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. मुळांतून नत्र येत असलं की ते जागं असतं आणि हुकूम सोडतं, वाढा. नत्र थांबलं की ते पेंगायला लागतं. ते झोपलं की पेशी घरातलं सामान आवरायला काढते. जुनं, मोडकं, जास्तीचं जे काही असेल त्याच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी विणली जाते, पिशवीचं तोंड बंद होतं आणि ती रिक्तिकेत जाऊन रिकामी होते. रिक्तिका म्हणजे पेशीतली पाण्याची टाकी, फक्त हिच्यात पाचक रसही असतात. तिथे सामानाचे बारीक तुकडे होतात आणि ते कोवळ्या पानाला, फळाला, बियांना पाठवले जातात. उपाशी झाडाचं खालचं जुनं पान आधी पिवळं पडतं ते यामुळे. ते पान आजारी नसतं. ते वरच्यांना जेवायला वाढत असतं.

याला स्वभक्षण म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण ज्या झाडाला हे जमत नाही तेच आधी मरतं. मॅडमनी नोकरीच्या सुरुवातीला स्वभक्षण बंद केलेली झाडं तयार केली होती. नत्र तोडल्यावर ती सगळं सामान छातीशी धरून बसली आणि शेजारच्या साध्या झाडांच्या आठवडाभर आधी गेली.

साध्या झाडात आणखी एक सोय असते. मोडलेल्या सामानातून जे नत्र सुटतं, त्याच्या वासाने पहारेकरी अधूनमधून जागा होतो आणि ओरडतो, पुरे आता. आवराआवर थांबते. मॅडमनी नेमकी ही सोय काढून टाकली. निग्रहचा पहारेकरी घरच्या तुकड्यांनी जागा होत नाही. मुळांतून बाहेरचं नत्र आलं तरच डोळे उघडतो. म्हणजे झाड मध्येच थांबणार नाही, जे आहे ते सगळं फळाला देईल. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

जगात निग्रहचं बी होतं तेवढं सगळं या चोवीस टबांत पेरलेलं होतं. बाकीचं शीतपेटीत होतं, पण उन्हाळ्यात सलग सहा दिवस वीज गेली आणि शीतपेटीची नुसती पेटी झाली. चाचणी पंचेचाळीस दिवसांची. सुरुवातीला प्रत्येक झाडावर एकेक फळ धरू द्यायचं, मग फक्त पाणी. पंचेचाळिसाव्या दिवशी राज्याची वाण मान्यता समिती येणार. तिने सही केली तर निग्रह बाजारात, नाही केली तर ग्रोथरूमला कुलूप.

म्हणून दारावर मॅडमची पाटी होती: ‘या खोलीत झाडांना पाण्याव्यतिरिक्त काहीही देणाऱ्या व्यक्तीस त्याच दिवशी केंद्रातून कमी करण्यात येईल.’

मॅडमना सुट्टी, जेवण आणि खुर्ची या तीन गोष्टी लागत नसत. खुर्चीवर नमुन्यांचा ट्रे असायचा, म्हणून त्या उभ्यानेच काम करायच्या. जेवणाऐवजी चहात बुडवलेली दोन बिस्किटं.

“बाईंनी आधी सुट्ट्या खाल्ल्या, मग झोप खाल्ली, आता जेवण खातायत,” असं उज्ज्वलामावशी म्हणायच्या.

उज्ज्वलामावशी झोपे ग्रोथरूमची झाडलोट बघायच्या आणि झाडांना पाणी घालायच्या. मॅडम रुजू झाल्या त्याच महिन्यात त्याही लागल्या होत्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते. रोज त्या मॅडमसाठी एक जास्तीचा डबा आणायच्या, आणि रोज संध्याकाळी तो भरलेलाच परत न्यायच्या. एकोणीस वर्षं. मी आल्यावर तो डबा मी खायला लागलो, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, “चल, कुणाच्या तरी पोटात गेलं.”

छत्तिसाव्या दिवशी मी वेळेआधी पोचलो. ग्रोथरूममध्ये मावशी सतरा नंबरच्या टबाशी वाकलेल्या होत्या, हातात स्टीलचा मग.

“मावशी, मगात काय आहे?”

“पाणी.”

“पाण्याला वास येतोय.”

“पेंडेचं पाणी आहे,” त्या म्हणाल्या. “शेंगदाण्याची पेंड. मूठभर रात्री भिजत घालते, सकाळी फडक्याने गाळून घेते.”

मी दाराकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. कॅमेरा फक्त पानं बघत होता.

“मावशी, पेंडेत नत्र असतं.”

“असेल. दाण्यात सगळं चांगलंच असतं.”

“आपल्याला झाडं उपाशी ठेवायचीत.”

“मग उपाशीच आहे ना ते. मी काय त्याला वरणभात वाढला?” त्यांनी उरलेलं पाणी खोडाशी ओतलं. “आज एकादशी आहे. एकादशीला दाणे चालतात.”

माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. या मुद्द्यावर तिचा काही उपयोग झाला नाही.

“किती दिवस चाललंय हे?”

“एकादशीलाच फक्त. आजची तिसरी.”

“आणि सतरालाच का?”

“सगळ्यांत बारकं तेच होतं. सगळ्यांना द्यायचं म्हणजे पोतं लागलं असतं, आणि पोतं आणलं असतं तर तुला दिसलं असतं.”

“मावशी, दारावरची पाटी वाचलीय ना तुम्ही?”

“मीच लावलीय ती. मॅडम म्हणाल्या जरा वर लावा, म्हणून स्टुलावर चढून लावली.” त्यांनी मग पदराने पुसला. “माणूस महिना महिना निर्जळी करत नाही रे निनाद. म्हातारीकोतारी असली की दाण्याचा लाडू, वाटीभर दूध, काहीतरी देतातच. नुसतं उपाशी ठेवलं तर त्याला उपास नाही म्हणत.”

मी तिथेच मॅडमना फोन करायला हवा होता. तो केला असता तर मावशी दुपारी घरी. मी ठरवलं की उद्या सांगू. उद्या परत तेच ठरवलं. साडेनऊला प्रहरीने कारण विचारलं. आता ते मला माहीत होतं, तरी मी ‘माहीत नाही’ने सुरू होणारे तेच सोळा शब्द पाठवले. मंजूर.

चाळिसाव्या दिवसापासून तेवीस झाडांनी खरं काम दाखवायला सुरुवात केली. खालची पानं संपली, मग मधली, मग वरची. मग फांद्या पेन्सिलीसारख्या झाल्या, मग उदबत्तीसारख्या. पचण्यासारखं होतं ते सगळं फळात चाललं होतं, आणि फळं अशी फुगत होती की एखाद्या काडेपेटीच्या काडीला कलिंगड लागावं. त्रेचाळिसाव्या दिवशी पहिलं झाड संपलं. वांगं धपकन वाळूत पडलं, वर एक वाळकी काडी उभी. चव्वेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेविसच्या तेवीस टबांत तेच दृश्य होतं. झाड नव्हतं. वांगं होतं.

मी म्हणालो, “मॅडम, हे जरा जास्त झालं का?”

मॅडम काडी हातात घेऊन उजेडात बघत होत्या. एकोणीस वर्षांत कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे चेहऱ्याला काय झालंय ते मला आधी कळलं नाही.

“पूर्ण, बोरोले,” त्या म्हणाल्या. “काहीही मागे ठेवलं नाही.”

“पण झाड मेलं.”

“फळ मिळालं. ही फळं सावलीत दोन आठवडे ठेव. पिवळी पडली की बी काढू. आतल्या बियांनाही सगळं मिळालंय, बी उत्तम असेल.” मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे सतरा नंबर, खालची दोनतीन पानं पिवळी, बाकी हिरवं, मध्यम आकाराचं एक फळ बाळगून आरामात उभं होतं. “आणि हे काढून टाक. याला काय झालंय ते नंतर बघू. उद्या समितीला दिसलं तर सगळा आलेख बिघडेल.”

मला इतकं हलकं वाटलं की मी हो म्हणायच्या आधीच टब उचलला. सतरा गेलं की पेंड गेली, मावशींचे आठ महिने सुखरूप, प्रहरीचा रोजचा त्रास संपला. टब मावशींच्या हाती देऊन मी म्हणालो, “खतखड्ड्यात टाका.” त्यांनी तो पोटाशी धरून नेला. त्यांना पटलं असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती आली. अध्यक्ष रेगे साहेब, मुंबईहून, पांढरे बूट घालून. त्यांनी तेवीस काड्या पाहिल्या, तेवीस वांगी पाहिली, आणि चष्मा काढून परत पाहिली.

“झाड कुठे गेलं?”

“फळात,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे काढणीनंतर शेतातून झाडं उपटायची कटकटच नाही.” साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते सोबतच्या दोघांना दोनदा समजावून सांगितलं. “एक झाड, एक वांगं. मागे कचरा नाही. मला वाटतं, हेच बोधवाक्य करा.”

साडेबाराला त्यांनी शिफारशीवर सही केली. त्यांच्यासमोर मी एकेक वांगं काट्यावर ठेवून वजन वाचून दाखवलं आणि वजन झालेली वांगी ट्रेमध्ये घालून टेबलावर ठेवली. इतक्यात खिशातला फोन वाजला.

‘क्रमांक १ दिसत नाही. कृपया कारण नोंदवा. किमान पंधरा शब्द.’

मग क्रमांक दोन. मग तीन. प्रहरीला प्रत्येकाचं कारण वेगळं हवं होतं. पहिल्याचंच पुन्हा पाठवलं तर ‘कृपया स्वतंत्र उत्तर द्यावे’ असं येत होतं. मी संगणकापाशी बसलो आणि तेवीस झाडांच्या अंताची तेवीस कारणं प्रत्येकी पंधरा शब्दांत लिहू लागलो. एकोणिसाव्यापर्यंत माझ्याकडचं विज्ञान संपलं होतं. ‘क्रमांक १९ ने फळाच्या भवितव्यासाठी स्वतःचा त्याग केला असून त्याबद्दल त्याच्या मनात कोणतीही कटुता नव्हती असे दिसते.’ मंजूर.

हे सगळं आटपून मी दोन वाजता मागच्या अंगणात गेलो. तिथे भरीत-पार्टी रंगात आली होती.

आमच्याकडे पाहुणा मंत्री असो की मीटर वाचणारा, थंडीत आला की त्याला भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, मग लाकडी उखळात मिरच्या-लसणाबरोबर ठेचून, वर कांद्याची पात. कँटीनचे भिकनभाऊ हे सगळं करतात. रेगे साहेब पांढरे बूट काढून सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेजारी मॅडम बसल्या होत्या, चक्क ताट घेऊन, आणि जेवत होत्या. सही झाली की माणसाला भूक लागते हे मला तेव्हा कळलं.

“अप्रतिम आहे,” रेगे साहेब म्हणाले. दातांत अडकलेलं काहीतरी त्यांनी काडीने काढलं. “फक्त बिया जरा जास्त आहेत, नाही?”

मी भिकनभाऊंकडे गेलो.

“भाऊ, वांगी कुठली?”

“कुठली म्हणजे? टेबलावरची. वजन झालेली.”

“सगळी?”

“तेवीस होती. का, आणखी आहेत? असतील तर दे, ड्रायव्हर लोक राहिलेत.”

त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. आमच्या केंद्रात पहिल्यापासून रीतच आहे, वजन झालं की वांगं कँटीनचं. टेबल कँटीनच्या खिडकीला लागून आहे ते त्यासाठीच. ‘ही न्यायची नाहीत’ एवढं सांगणं हे माझं काम होतं. मी एकोणीस नंबरच्या मनातल्या कटुतेबद्दल लिहीत बसलो होतो.

भिकनभाऊंच्या उखळात निग्रहचं जगातलं सगळं बी होतं. व्यवस्थित भाजलेलं.

म्हणजे जवळपास सगळं. मी खतखड्ड्याकडे पळालो. खड्ड्यात कोबीची पानं होती, चहाचा चोथा होता, सतरा नंबर नव्हतं. मग पाणीखोलीशेजारच्या सामानाच्या खोलीत गेलो. मावशी एकट्याच बसून भाकरी आणि ठेचा खात होत्या. पार्टीत त्या नव्हत्या; चंपाषष्ठी परवावर होती आणि तोवर त्या वांगं तोंडात घालत नाहीत. त्यांच्या मागे, खिडकीतल्या उन्हात, पोत्यांच्या आडोशाला सतरा नंबर उभं होतं. फळ शाबूत, देठाशी पिवळसर झाक.

“टाकलं नाहीत?”

“जितं झाड टाकतात का कुणी?” मावशींनी पाण्याचा घोट घेतला. “तू बस ना. चेहरा काय असा झालाय?”

मी पोत्यावर बसलो आणि त्यांना वांग्यांचं काय झालं ते सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मॅडमनी पण खाल्लं?”

“दोनदा घेतलं.”

“बघ. इतक्या वर्षांनी जेवली, आणि काय जेवली.”

आता एक सोपा रस्ता होता. सतराच्या फळातून शे-दोनशे बिया निघाल्या असत्या. गपचूप त्या काढायच्या, निग्रहचं बी म्हणून पुढे द्यायच्या, पेंडेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मावशी शांतपणे निवृत्त, मॅडमचं नाव सगळीकडे. आणि दोन हंगामांनी सगळ्या जिल्ह्यात, बोधवाक्याप्रमाणे, प्रत्येक झाड स्वतःला खाऊन एका वांग्यावर संपलं असतं. वांग्याच्या झाडावर माणूस चार महिने तोडे घेतो. त्याच्या वावरात एका सकाळी नुसत्या काड्या. आणि यातलं एकच झाड जगलं ते का जगलं, हे मला आणि मावशींनाच ठाऊक.

“सांगावं लागेल, मावशी.”

“सांग की. मी काय चोरी केलीय?”

“पाटी आहे.”

मावशींनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. गाठ नीट बसली नाही म्हणून सोडून परत बांधली.

“मीच येते,” त्या म्हणाल्या. “तू सांगशील तर पंधरा शब्द लावशील.”

मॅडम हात धुवायला नळावर आल्या होत्या. आधी मी वांग्यांचं सांगितलं. त्यांनी नळाशी ठेवलेल्या आपल्या ताटाकडे पाहिलं. कडेला बियांची एक छोटी रास होती.

“ही?”

“हो.”

“मी दोनदा घेतलं, बोरोले.”

“हो, मॅडम.”

मग मी सतरा नंबरचं सांगितलं, आणि मावशींनी एकादशीचं. मॅडम नळ बंद करायला विसरल्या. मावशींनी तो बंद केला.

“किती देत होतात?” मॅडमनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

“मूठभर पेंड. गाळलेलं पाणी एक मग.”

“तीनदाच?”

“तीनच एकादश्या आल्या.”

मॅडम सामानाच्या खोलीत गेल्या. सतरा नंबरसमोर एक पोतं होतं, त्यावर बसल्या. मी त्यांना बसलेलं त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहत होतो. त्यांनी खालची पिवळी पानं मोजली, मग खोडावरचे व्रण, जिथून पानं गळली होती.

“सहाव्या दिवशी इथे थांबलंय,” त्या स्वतःशीच बोलल्या. “मग परत सुरू. एकविसाव्याला परत थांबलं. तेवढ्या मगभर पाण्याने पहारेकरी जागा झाला, पुरे म्हणाला, आणि झोपला.” बराच वेळ त्यांचा हात एका व्रणावर होता. “मी त्याला उठवणारं कुणी ठेवलंच नव्हतं.”

बाहेर समितीच्या गाडीचा आवाज झाला. मॅडम उठून जवळजवळ धावतच गेल्या. खिडकीच्या काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, “साहेब, तो कागद परत द्या. वाण चुकलंय. झाड मरतंय.”

रेगे साहेबांना काही समजेना. फाईल त्यांनी मांडीवर घट्ट धरली.

“अहो मॅडम, पण जेवण झालंय.”

“जे जेवलात तेच बी होतं, साहेब.”

साहेबांनी जीभ दातांवरून फिरवली. मग मुकाट्याने फाईल उघडून कागद बाहेर काढला. पुढच्या वर्षी येऊ म्हणाले. त्या वेळी डबा सोबत आणू, असंही म्हणाले. ग्रोथरूमला कुलूप लावायला त्यांनी एक वर्षाची मुदत दिली.

गाडी गेल्यावर मॅडम मावशींकडे वळल्या.

“पाटी मी लिहिली होती.”

“मी लावली होती,” मावशी म्हणाल्या.

“आज तुम्हाला माफ केलं तर सतराचा एकही आकडा कुणी खरा मानणार नाही. उद्यापासून येऊ नका, मावशी.”

“बरं.”

मी म्हणालो, “मॅडम, हे बरोबर नाही. आठच महिने राहिलेत. आणि मला सगळं माहीत होतं, मी नऊ दिवस गप्प बसलो. मला पण काढा मग.”

“तुलाही काढायला हवं. पण प्रहरीला उत्तरं कोण देणार?” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “बरोबर नाहीच आहे, बोरोले. नियम आहे.”

मावशींनी कोपऱ्यातला झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवला, स्टीलचा मग उचलून माझ्या हातात दिला, आणि गेल्या. पुढचे पाच दिवस मी मॅडमशी कामापुरतं बोललो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्या आधीपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत.

सहाव्या दिवशी एकादशी आली. सकाळी फाटकावरून फोन आला की एक पाहुण्या आल्यात. मी जाऊन बघितलं तर वहीत लिहिलेलं: नाव, उज्ज्वला झोपे. कुणाला भेटायचं, सतरा नंबर. कशासाठी, फराळ.

पाहुण्यांना ग्रोथरूममध्ये प्रवेश नाही, त्यामुळे मावशी काचेच्या भिंतीबाहेर उभ्या राहिल्या. आत मी, हातात मग. सतरा नंबर परत आत आणलं होतं, पेंडेचं पाणी आता मॅडमच्याच प्रयोगात होतं, आणि पेंड मीच भिजवली होती. माझ्या खोलीत चार दिवस तो वास होता आणि खालच्या मजल्यावरच्यांनी गॅस गळतोय म्हणून माणूस बोलावला होता. मी ओतायला लागलो तशी मावशींनी काचेवर टकटक केली. हळू, असं हाताने सांगितलं. मी हळू ओतलं. मग त्यांनी पंजा उघडून दाखवला. बस. मगात निम्मं उरलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं, प्रयोगात एक मग ठरलाय. त्यांनी परत पंजा दाखवला, आणि डोळेही. मी थांबलो.

साडेनऊला प्रहरी बोललीच. ‘क्रमांक १७ अपेक्षेप्रमाणे उपाशी नाही. कृपया कारण नोंदवा.’

मी खुर्ची ओढली, पण मॅडम आधीच कळफलकावर वाकल्या होत्या. त्यांनी एका बोटाने लिहिलं: ‘उपाशीच आहे. दर पंधरा दिवसांनी बाहेरून थोडं मिळतं, म्हणून स्वतःला सगळं खात नाही. निरीक्षण, उज्ज्वला झोपे.’

मंजूर झालं.

मावशी अजून काचेपलीकडेच होत्या. पिशवीतून त्यांनी डबा काढला, काचेला लावून दाखवला, आणि बोट माझ्याकडे न करता मॅडमकडे केलं. मॅडमनी तो बघितला. घड्याळ बघितलं. मग आपल्या खुर्चीवरचा नमुन्यांचा ट्रे उचलून माझ्या हातात दिला, खुर्ची काचेपाशी ओढत नेली आणि दार उघडून डबा आत घेतला.

भगर होती आणि दाण्याची आमटी. मॅडमचा उपास नव्हता, तरी त्यांनी ती खाल्ली. बाहेर मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, डबा रिकामा होईपर्यंत हलल्या नाहीत. ट्रे ठेवायला जागा नव्हती म्हणून मीही हललो नाही.

सतरा नंबरने त्या पंधरवड्यात एकच पान खाल्लं आणि थांबलं.